साडेसहाशे वॅट

वहीच्या शेवटच्या पानावर, जिथे एरवी
दूधवाल्याचे खाडे मांडते,
तिथे लिहिलंय: पंच्याहत्तर हजार.
त्याखाली एक रेघ. रेघेखाली सगळी भांडणं.

ग्राफिक्स कार्ड आधीच अर्धं पान खाऊन बसलंय.
प्रोसेसर विचारतो, मग मी काय
कोपऱ्यात उभं राहून टाळ्या वाजवू?
रॅम बत्तीस घेतली तर एसएसडी पाचशेवर येते,
सोळा घेतली तर एक टीबी बसते.
खोडते. लिहिते. खोडते.
पान फाटायला आलंय.

भोसरीला मी दिवसभर मायक्रोमीटर धरते.
दोन शतांशाने जॉब मोठा निघाला
की लाल खूण, बाजूला.
तांबोळीने डब्याच्या सुट्टीत बॉटलनेक समजावला
तेव्हा मी म्हटलं, अरे,
हे तर आपल्या लाईनवरचं तिसरं मशीन!

टिळक रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
छाजेडशेठ म्हणाले, मुलासाठी ना मॅडम?
कितवं चालू आहे?
छत्तिसावं, मी म्हटलं.
ते हसले नाहीत. चष्मा पुसला
आणि कोटेशनचा कागद नवा घेतला.

रंगीत दिव्यांचे पंखे?
नको.
काचेची कॅबिनेट? सगळे तीच नेतात.
जाळीची द्या. दिघीला शेवटचा मजला आहे,
एप्रिलमध्ये नळालासुद्धा चहाचं पाणी येतं.
सप्लाय हा घ्या, साडेचारशेचा, स्वस्तात बसेल...
इथे मात्र माझा आवाज
शेजारच्या दुकानात गेला असणार.
दर गुरुवारी लाईट जाते आमच्याकडे,
आणि परत येते ती
दारावर लाथ मारून आल्यासारखी.
साडेसहाशे वॅट. चांगल्या कंपनीचा.
हवं तर प्रोसेसर बिनडिस्प्लेचा द्या,
तेवढेच बाराशे सुटतील.

आकुर्डीच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये होते.
खुर्चीवर दादा. खुर्चीच्या हातांवर दोन मित्र.
मी पाठीमागे.
माझं काम, डावीकडून कोणी आलं की ओरडायचं.
शेवटची पंधरा मिनिटं तुझी, म्हणायचे.
मी फार छान ओरडायचे.

बुधवारी रात्री जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं.
प्रोसेसरचा त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर.
खटका दाबताना असा कर्रकन आवाज आला
की पाच महिन्यांची बचत मोडली असं वाटलं.
पेस्ट मोहरीहून मोठी, वाटाण्याहून लहान.
एक स्क्रू टेबलाखाली गेला, तो अजून तिथेच आहे.

पंखे फिरले.
स्क्रीन काळी.

एक वाजला. रॅम काढून घातली.
दीड. कार्ड काढून घातलं.
तांबोळीला फोन करायचा नाही.
अडीचला आठवलं, मीच तर नव्या पोरांना सांगते:
जॉबला नावं ठेवण्याआधी आपलं माप तपासा.
टॉर्च घेऊन मागे वाकले.
केबल खोचली होती मदरबोर्डमध्ये,
ज्याचा डिस्प्ले मीच बाराशेला सोडला होता
त्याच्या दारात. अर्धी रात्र
उजेड मागत होते.

चार बोटं खाली सरकवली.
पांढरी अक्षरं आली. सोळा. एक टीबी.
वहीतलं पान, न खोडलेलं.

आता तीन वाजलेत. गेम उतरायला
सात तास दाखवतोय.
दहाला महावितरण.
जमेल. किंवा नाही जमणार.

खुर्ची बजेटमध्ये नव्हतीच.
स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं स्टूल ओढलं
आणि बसले.